रविवारची उजळणी

वर्षभर मी रिकाम्या बाकांना शिकवत असे. ही तक्रार समजू नका, आमच्या कॉलेजचं गणितच तसं होतं. हजेरीपटावर नावं भरगच्च, आणि सकाळच्या तासाला समोर पाच-सहा मुली नि खिडकीत एक मांजर. बाकीची पोरं तारापूरच्या एमआयडीसीत कामाला. कुणी पॅकिंगला, कुणी गाड्या भरायला, कुणी ठेकेदाराच्या दारात हजेरीसाठी उभा. दांडी-घिवलीकडची पोरं किनाऱ्यावर. बोट लागली की मासळी निवडायची, जाळी झटकायची, मग आंघोळ करून जमलं तर कॉलेज. त्यांच्या दिवसात माझा तास सगळ्यात शेवटी बसायचा आणि बहुतेक वेळा बसायचाच नाही.

पण परीक्षा तोंडावर आली आणि फळ्यावर ‘सूक्ष्म अर्थशास्त्र : उजळणी’ असं मी लिहिलं, की वर्गात पाय ठेवायला जागा नसे. एकेका बाकावर चार-चार जण, मागे भिंतीला टेकून उभे, दारातही गर्दी. अंगाला मासळीचा, केमिकलचा, घामाचा वास. माझ्याकडे असे बघायचे की जणू मी देव्हाऱ्यातून उतरून आले आहे. स्टाफरूममधल्या बाकीच्या बायका उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघत, मी उजळणीची. त्या पंधरवड्यात माझा आवाज बसायचा आणि मी खुशीत असायचे.

बाहेरच्या माणसाला हा विषय काय आहे ते थोडक्यात सांगते. देशाचा अर्थसंकल्प, बँका, महागाई हे सगळं दुसऱ्या पेपरात. आमच्या पेपरात एक गिऱ्हाईक, एक विकणारा, एक वस्तू. माणूस बाजारात उभा आहे आणि आहे तेवढ्यात काय घ्यावं, काय सोडावं हे ठरवतो आहे. बस. भाव वाढला की तो कमी घेतो, ही झाली मागणी. भाव वाढला की विकणारा जास्त आणतो, हा झाला पुरवठा. एक रेघ वरून खाली येते, दुसरी खालून वर जाते, आणि दोघी जिथे भेटतात तिथे बाजाराचा भाव ठरतो. या आकृतीला पुस्तकात मोठं भारदस्त नाव आहे. आमची पोरं तिला ‘फुली’ म्हणत.

“मॅडम, फुली नक्की येणार ना?” हा दरवर्षीचा प्रश्न.

“येईल. पण फुलीला नावं द्या. आडव्या अक्षावर नग, उभ्या अक्षावर किंमत. नावं नाही दिली तर तपासणाऱ्याला काय कळणार, तुम्ही बाजार काढलाय की चूक दाखवलीय?”

एवढं घसा फोडून सांगूनही निम्मे जण नुसती फुली काढून येत. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी दाखवणारे जे बाकदार वक्र असतात त्यांना ते ‘केळी’ म्हणत. “मॅडम, तीन केळी काढली, चालंल?” मी म्हणायची, “घड काढ, पण एकाला दुसरं चिकटू देऊ नको, दोन वक्र कधी छेदत नाहीत.” हसत हसत ते लक्षात राहायचं. पुस्तकातली सफरचंदं मी पहिल्याच वर्षी टाकून दिली. बोईसरच्या पोराला सफरचंद आजारपणातच दिसतं. सीमांत उपयोगिता मी ताडगोळ्यावर शिकवायची. पहिला ताडगोळा अमृत, दुसरा छान, पाचव्याला पोट म्हणतं पुरे. वस्तू तीच, तिचं समाधान मात्र उतरत गेलं. पुरवठ्याच्या लवचिकतेला बोंबील. ओला बोंबील थांबत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. वाळत घातला की तो घरात थांबतो आणि विकणारीही थांबू शकते. हे उदाहरण माझं स्वतःचं आणि मला त्याचा अभिमान आहे. बाहेरचे एक तपासनीस एकदा म्हणाले होते, “तुमच्या केंद्राच्या उत्तरपत्रिकांना वास येतो हो.” मी म्हटलं, “ताज्या आहेत, म्हणून.”

दांडीची एक हेमांगी होती, फटकळ. मागणीचा नियम सुरू होतो तो ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या शब्दांनी. म्हणजे माणसाचं उत्पन्न, आवड, घरातली तोंडं, हवामान, सगळं जागच्या जागी धरायचं आणि फक्त भाव हलवायचा. मी हे सांगितलं आणि हेमांगी उभी राहिली.

“मॅडम, आमच्याकडं असं कधीच नाय होत.”

“कसं?”

“कायम. बापाची बोट आली तर हाय, नाय तर नाय. आज भाऊ घरात, उद्या कंपनीत. तुमी म्हनता ते कुठल्या गावाला होतं?”

वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्याकडे तोंड करून रेघ काढताना मनात आलं की माझ्याकडे होतं ते. माझं उत्पन्न ठरलेलं, घरात तोंड एकच, आवड बदलायला कुणी येत नव्हतं. त्या गावात मी एकटीच राहत होते.

मी मूळची कऱ्हाडची. जागा निघाली म्हणून इकडे आले, तिकडे कुठे निघेल तेव्हा परत जाऊ म्हणून राहिले. तिकडे निघाली नाही आणि मीही पुढे फार शोधली नाही. लग्न राहून गेलं. मी कुणाला नाही म्हटलं नाही, मला कुणी नाही म्हटलं नाही, नुसतं राहून गेलं. कॉलेजातला अर्थशास्त्र विभाग म्हणजे मी. विभागप्रमुखही मी आणि विभागही मीच. स्टाफरूममध्ये मराठीच्या तिघी एकत्र डबा खात, वाणिज्यवाल्यांचा तर अख्खा गोतावळा. मला कुणी टाकलं नव्हतं हो, बोलावत असत, बोलत असत. पण माझ्या विषयाचं कुणाशी बोलणार? निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली, आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की उद्यापासून मला ‘मॅडम’ म्हणणारा फक्त गॅसवाला उरणार.

बोईसरमध्ये माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. शेजार सतत बदलतो. कंपन्यांतले साहेब लोक येतात, बदली होऊन जातात, दारावरची पाटी बदलते. ओळख होईतो त्यांचा टेम्पो खाली उभा. भाऊ दिवाळीला फोन करतो, आग्रहाने बोलावतो, मी चार दिवस जाऊन येते. एखाद्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा येतो, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसतो. एकटं वाटतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही, वय झालं की लाजा कमी होतात.

अशात एका रविवारी बाजारात मी भेंडी निवडत होते. मागून आवाज आला, “मॅडम, वळखलं काय?”

तिशीचा, सावळा, काटक माणूस. कडेवर छोटी मुलगी. मी नीट पाहिलं आणि ओळखलं. दीपक. जव्हारकडच्या डोंगरातला, आश्रमशाळेत वाढलेला, बीएला आमच्याकडे होता. तोही उजळणीपुरताच दिसायचा, सगळ्यात मागे उभा. आता कुंभवलीत खोली घेऊन राहत होता, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. बायको भातलावणीच्या दिवसांत गावाला जायची, एरवी इथेच.

“पदवी झाली ना?” मी विचारलं.

“एक पेपर ऱ्हायला, मॅडम. तुमचाच.” तो ओशाळून हसला. “सूक्ष्म.”

मग बाजारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. पेपर राहिला, नोकरी लागली, लग्न झालं, वर्षं गेली. आता जुना अभ्यासक्रम बंद होत होता आणि कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली होती की जुन्या पेपराची ही शेवटची परीक्षा. यात पास झाला तर पदवीधर, नाही तर आधीचे सगळे पेपर मातीत. आश्रमशाळेच्या वसतिगृहांत अधीक्षकांच्या जागा निघणार होत्या आणि त्या जागांना पदवी लागते. दीपकला ती नोकरी हवी होती. “मी ऱ्हायलोय ना मॅडम तिथं,” तो म्हणाला. “रात्री पोरांना ताप आला तर काय होतं, मला ठावं हाय.”

“क्लास लाव मग.”

“सूक्ष्मचा क्लास कोन घेतो? सगळे अकाऊंटचे.”

भेंडी माझ्या हातात तशीच राहिली होती. भाजीवाली म्हणाली, “बाई, घ्यायचीत की नायत?” मी म्हटलं, “घ्यायचीत. आणि तू रविवारी दुपारी घरी ये.”

असे आमचे रविवार सुरू झाले. शनिवारपासूनच मी टिपणं काढून बसायची. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर वर्षानुवर्षं इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असे, तो उचलला. दीपक दारात चपला काढायचा, हातात काहीतरी असायचंच, करवंदं नाही तर ताडगोळे. फुकट शिकायला संकोच, म्हणून हे. पोरगं बुद्धीने बरं होतं पण पाठांतराची सवय वाईट. व्याख्या अशी धडाधडा म्हणायचा की अर्थ कुठे सांडला कळायचं नाही. मी ओरडायची. “पोपट आहेस का रे? तुझ्या शब्दांत सांग.” तो डोकं खाजवायचा, मग सांगायचा, आणि चक्क बरोबर सांगायचा.

एकदा तो दोन तास उशिरा आला, डोळे लाल, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच. मी तोंड सोडलं. माझा वेळ, माझी वाट बघणं, सगळं काढलं. तो शांतपणे म्हणाला, “रिलीव्हर नाय आला, मॅडम.”

तेव्हा मला त्याचं काम कळलं. रिअ‍ॅक्टर म्हणजे एक प्रचंड बंद पातेलं. आत काहीतरी शिजत असतं, त्याचं तापमान ठरलेल्या रेषेच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि बोईसरमध्ये राहणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. ऑपरेटरने तिथे डोळ्यात तेल घालून उभं राहायचं. पाळी संपली म्हणून निघून जाता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहतो, “आलो” म्हणतो, काटे बघतो, मग पहिल्याने निघायचं. तो आला नाही तर पहिला तिथेच. मग सण असो की घरी कुणी आजारी असो.

“आणि तो आलाच नाही तर?”

“तर मी हायच ना,” दीपक म्हणाला. “जागा खाली नाय सोडायची.”

मी त्याला आधी जेवायला वाढलं, मग शिकवलं.

परीक्षा जवळ आली तेव्हाचा एक रविवार मला लख्ख आठवतो. संधी खर्च शिकवत होते. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत. खिशातून काही गेलं नाही तरी ती भरावी लागते.

“उदाहरण दे,” मी म्हटलं.

त्याने पेन कानामागे लावलं. “मी रविवारी तुमच्याकडं येतो, तर माझा ओव्हरटाइम जातो. तो माझा संधी खर्च.”

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं पाळी सुटली की रविवारी तो मोकळाच असतो. मी सावरून म्हटलं, “बरोबर. पेपरात असंच लिही.”

“आनि तुमचा, मॅडम? तुमी रविवारी मला शिकवता, तर तुमचं काय जातं?”

शिक्षकाला प्रश्न विचारला की तो उत्तर शोधतोच. मी शोधलं. रविवारी मी एरवी काय करते? कुणाकडे जाते? कुणी येतं का? झोपते, उठते, चॅनेल बदलते. मग जे होतं ते सांगितलं. “माझा शून्य आहे. सोडायला दुसरं काही नसलं की संधी खर्च शून्य. लिहून घे, दोन मार्कांना विचारतात.”

त्याने लिहून घेतलं नाही. वही मिटली आणि म्हणाला, “चहा मी करू काय, मॅडम?” साखर जास्त झाली होती, पण मी सगळा प्यायले.

पेपर मंगळवारी, सकाळी अकराचा. मी बजावलं होतं की आदल्या दिवशी रजा घे. पण त्याच्या पाळीतला एक जण लग्नाला गावी गेलेला, रजा मिळेना. सोमवारची रात्रपाळी करायचीच होती. दीपकने तोड काढली. सकाळी सुटका करायला ज्याने यायचं तोही रजेवर, म्हणून त्याच्या जागी रामबाबू नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरशी ठरवलं. रामबाबू बिहारचा, कुंभवलीतच राहणारा. त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती, तरी दोस्तीखातर सकाळी येऊन दीपकला सोडवणार होता. सुटला की दीपक आंघोळ करून, दोन घास खाऊन पेपराला. “सगळं बसतं बरोबर,” दीपक म्हणाला.

मला राहवलं नाही. मंगळवारी मी पेपराच्या बऱ्याच आधी कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. शिपाई ओळखीचा, त्याने खुर्ची आणून दिली. पोरं येत होती, नमस्कार करत होती, मी मान हलवत होते आणि रस्त्याकडे बघत होते. साडेदहा झाले तरी दीपकचा पत्ता नाही. फोन लागेना, कारण कंपनीत मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात. मी उठले आणि रिक्षा पकडली.

कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, “मैडम, वो अंदर ही है। रिलीवर नहीं आया।”

“उसका परीक्षा है!”

“हमको क्या मालूम मैडम, हम तो गेट पे हैं।” पण माझा अवतार बघून त्याने आतला फोन जोडून दिला.

“मॅडम, तुमी इथं?” दीपकचा आवाज खोल गेलेला होता. “रामबाबूचा फोन बंद हाय. दुसरा ऑपरेटर नाय, सायब पन शोधतात. रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर हाय, खाली मानसं काम करतात. मी नाय निघू शकत.” मग म्हणाला, “तुमी घरी जा, मॅडम. नशिबात नव्हता पेपर.”

असा संताप आला मला! “नशीब आपल्या अभ्यासक्रमात नाही,” मी फोनवर ओरडले. “रामबाबू राहतो कुठे ते सांग.”

कुंभवलीच्या त्या चाळीत पत्र्याच्या खोल्यांची रांग, नळावर बायका. एकीने बोट दाखवलं. मी दार असं बडवलं की शेजारचे लोक बाहेर आले. आतून बनियन-लुंगीत, डोळे चोळत रामबाबू उगवला. परक्या म्हाताऱ्या बाईला बघून त्याने आधी लुंगी सावरली.

“रामबाबू, तुमको कुछ शरम-बिरम? दीपक उधर अटकेला है, उसका पेपर जाएगा!”

“पेपर तो कल है न मैडम?”

“आज मंगळवार है! मंगळ को पेपर है!”

“हाँ, तो मंगल का नाइट आज लगेगा न? वो सुबह छूटेगा। हम तो सुबह जाने वाले थे उसको छुड़ाने।”

मला क्षणभर कळलंच नाही, मग कळलं. पाळीतल्या माणसांचा दिवस तुमच्या-आमच्यासारखा उजाडत नाही. रात्री कामावर चढला तो वार त्यांचा, आणि ती पाळी सकाळी सुटली तरी वार तोच. दीपकने सांगितलं होतं, मंगळवारी मला सोडव. रामबाबूने मंगळवारची रात्रपाळी धरली, जी सुटणार होती बुधवारी सकाळी. आयुष्यभर तो असेच वार मोजत आला होता. एरवी दीपकही तसेच मोजायचा. या खेपेला मात्र परीक्षेसाठी तो कॉलेजच्या वारावर आला होता आणि रामबाबू कंपनीच्याच वारावर राहिला.

“अरे बाप रे,” रामबाबू म्हणाला. चेहरा पांढराफटक. शर्ट हातात, चप्पल एक पायात, तसाच रिक्षात बसला. मी त्याला वाटभर बोलत होते, मराठीतून, हिंदीतून, जे तोंडाला येईल त्यातून. तो बिचारा बटणं लावत “हाँ मैडम, गलती हुआ मैडम” म्हणत होता. कंपनीच्या फाटकातून तो पळत आत गेला.

तिथे उभं राहून वाट बघणं मला अजून आठवतं. आत नुसतं “आलो” म्हणून भागत नाही, काटे बघायचे, सगळं समजून घ्यायचं, मग सोडायचं. मला वाटत होतं आत जाऊन दोघांना हाताला धरून ओढावं. शेवटी दीपक बाहेर आला. गमबूट, निळे कपडे, घामाने चिंब. हॉल तिकीट डब्याच्या पिशवीत होतं, पेन नव्हतं. मी माझं दिलं. रिक्षात त्याला म्हटलं, “काही आठवू नको, पाणी पी.” पेपर सुरू झाला होता, पण पहिला अर्धा तास आत घेतात. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा तो संपत आला होता. शिपाई म्हणाला, “धाव रे!” आणि दीपक गमबुटांनी थपाथप धावत जिना चढला.

पेपर सुटेपर्यंत मी फाटकाशीच बसून राहिले. तो बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “फुली आली, मॅडम. अक्षांना नावं दिली.”

निकाल लागला त्या दिवशी तो धावत आला, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पास! काठावर, पण पास. त्याने वाकून नमस्कार केला, मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आनंद झाला मला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच्या पाठोपाठ ध्यानात आलं. आता त्याला रविवारी यायला काही कारण नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं पोरं पास होऊन गेली, ते चांगलंच झालं. पण एक पोरगं गेलं तर माझ्याकडे पुढची तुकडी असायची. आता कुठली तुकडी?

तरी तो अधूनमधून येत राहिला. मग जागा निघाल्या, त्याने अर्ज केला, निवड झाली. मोखाड्याच्या पुढे कुठेतरी आतल्या बाजूला आश्रमशाळा मिळाली. निघायच्या आधी बायकोला नि मुलीला घेऊन आला. मुलीने माझ्या खडूंनी फरशीवर रेघोट्या मारल्या. जाताना दीपक दारात घुटमळला.

“तुमी आता रविवारी काय करनार, मॅडम?”

“खूप कामं आहेत मला,” मी म्हटलं. “तू जा. पोरांकडे लक्ष दे.”

तो गेला. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. दुपारी घड्याळाकडे बघायची सवय जाईना. खुर्चीवर मी मुद्दाम कपडे ठेवले नाहीत, रिकामी दिसली तरी चालेल म्हटलं, आणि रिकामी दिसली की डोळे भरून यायचे. एवढी विद्या, एवढी भाषणं, आणि एका माणसाच्या येण्या-न येण्यावर माझा अख्खा आठवडा उभा होता.

असाच एक रविवार. दुपारी बेल वाजली. इतक्या दिवसांत कुणी वाजवली नव्हती. दार उघडलं तर समोर रामबाबू. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस चप्प बसवलेले, हातात कागदी पुडीत जिलेबी. मला वाटलं, त्या दिवशी केलेल्या शिव्यांच्या वर्षावाचं काहीतरी निघालं.

“क्या हुआ, रामबाबू?”

“दीपक बोल के गया है मैडम। इतवार को आपके यहाँ जाना है। पहले आ नहीं पाए, ड्यूटी लग रही थी।”

“तुझे कुछ सीखना है? परीक्षा है?”

“नहीं मैडम। हम तो आठवीं पास हैं।”

“मग कशाला?”

त्याने मान खाली घातली. “वो तो पूछा नहीं हमने। बोला, मेरे बदले तू जाना। वहाँ जगह खाली नहीं छोड़ना।”

मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. मग मला रडू फुटलं, चांगलं हुंदक्यांनी, परक्या माणसासमोर. रामबाबू दोन पावलं मागे सरला. बिचारा पार घाबरून गेला होता.

“मैडम, आज ही था न?”

“आजच होतं,” मी म्हटलं. “ये, आत ये.”